आधी नाव कमव, मग बोल?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांच्या विनंतीवरून नाव, गाव, क्लब काहीच देत नाही. पत्र चार पानी होतं. त्यातला गाभा असा.

मुलगी अठरा वर्षांची, कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला. अकराव्या वर्षापासून फुटबॉल खेळते, गोलकीपर आहे, ज्युनियर गटात राज्याकडून खेळून आली. वडील एसटीत नोकरीला. परिस्थिती बेताची, पण पोरीच्या खेळाला घरातून कधी नकार गेला नाही. दोन महिन्यांपूर्वी एका सामन्यात कॉर्नरचा बॉल पकडायला उडी मारली आणि समोरच्या मुलीचा गुडघा हिच्या कानशिलावर बसला. ‘पण पोरगी जिगरबाज, उठून उरलेली वीस मिनिटं खेळली.’ रात्री दोनदा उलटी झाली, चार-पाच दिवस डोकं धरून बसली होती, मग ठीक झाली. आईशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर तिनं आणि संघातल्या दोघींनी क्लबच्या सेक्रेटरींना पत्र दिलं. मागण्या चार: सामन्याला प्रथमोपचार जाणणारं कुणीतरी हवं, मुलींना कपडे बदलायला आडोसा हवा, कीपरची जर्सी मुलींच्या मापाची हवी, आणि आठवड्यातून एकदा तरी कीपरसाठी वेगळा सराव हवा. पहिली सही हिची. मग वडिलांना सेक्रेटरींचा फोन आला, ‘मुलीला जरा समजावून सांगा, पुढच्या महिन्यात सिलेक्शन आहे.’

वडील लिहितात: ‘तिच्या भिंतीवर इंग्लंडच्या मेरी अर्प्सचा फोटो आहे. ती मला तिचं उदाहरण देते. मी म्हणतो, ती जगातली एक नंबरची कीपर होती म्हणून तिचं ऐकलं गेलं. आधी नाव कमव, मग बोल. आई म्हणते, खेळच बंद करा. ताई, मी चुकतोय का? तिला सही मागे घ्यायला सांगू का?’

दादा, नमस्कार.

तुम्ही विचारलंय सहीचं, पण माझं बोट तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच ओळीवर अडलं. रात्री दोनदा उलटी. ही ओळ तुम्ही इतक्या भरभर लिहून गेलात की मला परत मागे जाऊन वाचावी लागली. आणि तिच्याच शेजारी ‘जिगरबाज’ हा शब्द आहे. तुमचा अभिमान मला कळतो. पण या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा.

कॉलेजात मी दोन वर्षं हँडबॉलच्या गोलमध्ये उभी राहिले आहे. फुटबॉलच्या नव्हे, हे आधीच सांगते, नाहीतर तुमची लेक हसेल. एकदा सहा मीटरवरून आलेला बॉल थेट कानावर बसला. पुढचा अर्धा तास एका कानात शिट्टी वाजत होती. आमच्या सरांनी तोंडावर पाणी मारलं, ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि पाठीवर थाप मारून परत उभं केलं. मलाही तेव्हा आपण फार शूर आहोत असं वाटलं होतं. सरांना दोष देत नाही, तेव्हा सगळीकडे असंच चालायचं. पण आता आपल्याला जास्त कळतं, आणि ते कळायला काही बायकांनी फार मोठी किंमत मोजली आहे.

ब्रियाना स्करीचं नाव मुलीला विचारा, तिला माहीत असेल. अमेरिकेची गोलकीपर. १९९६ आणि २००४ ची ऑलिम्पिक सुवर्णपदकं तिच्या नावावर आहेत. १० जुलै १९९९ ला पॅसाडिनाच्या मैदानात नव्वद हजारांवर माणसं बसली होती, वर्ल्ड कपची फायनल होती, चीनशी शून्य-शून्य बरोबरी होऊन पेनल्टीवर गेली. स्करीनं चीनची तिसरी पेनल्टी डावीकडे झेपावून अडवली आणि अमेरिका जिंकली. म्हणजे तुमच्या भाषेत, तिनं नाव कमावलं होतं. त्या खेळात तेव्हा ते फार मोठं नाव होतं.

२०१० च्या एप्रिलमध्ये ती वॉशिंग्टनच्या क्लबकडून लीगचा साधा सामना खेळत होती. जमिनीलगत येणारा बॉल घ्यायला वाकली आणि समोरून धावत आलेल्या खेळाडूचा गुडघा तिच्या डोक्याच्या बाजूला बसला. उठली. मध्यंतरापर्यंत खेळली. मध्यंतरात तिची अवस्था बघून बरी आहेस का असं विचारलं, तेव्हा ती नाही म्हणाली. त्यानंतर ती कधीच खेळली नाही. पुढची तीन वर्षं डोकेदुखी, उजेडाचा त्रास, विसरभोळेपणा, नैराश्य, जीव द्यावासा वाटणं. इन्शुरन्स कंपनीशी भांडणं. पैशांसाठी ती दोन्ही ऑलिम्पिक पदकं तिनं गहाण ठेवली. २०१३ मध्ये मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूच्या नसेवर शस्त्रक्रिया झाली तेव्हा कुठं ती सावरायला लागली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीसमोर बसून तिनं हे सगळं सांगितलं, आणि तेव्हापासून डोक्याला लागलेला मार मुलींनी लपवू नये म्हणून बोलत फिरते आहे.

कानशिलावर गुडघा. उठून खेळणं. दादा, घाबरवायला सांगत नाही. बहुतेक मुली यातून पूर्ण बऱ्या होतात. पण तिला अजून डॉक्टरांनी पाहिलेलंच नाही, आणि ती आता पुन्हा सरावात झेपावते आहे. मेंदूला बसलेला एक हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर ते प्रकरण फार वाईट होऊ शकतं. या आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. फॅमिली डॉक्टर असतील तर आधी त्यांच्याकडे जा, ते चिठ्ठी देतील. उलटी, डोकेदुखी, किती दिवस, आता वाचताना अक्षरं नाचतात का, आवाज सहन होतो का, झोप कशी आहे, चिडचिड वाढली आहे का, हे सगळं तिला स्वतःला सांगू द्या. तुम्ही तिथं ‘आता ठीक आहे’ म्हणू नका.

ज्यांच्या मुली कबड्डी, ज्युडो, हॉकी काहीही खेळतात त्यांनीही हे लक्षात ठेवावं. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली, तरी त्या दिवशी मुलगी परत मैदानात जात नाही. बेशुद्ध पडली नाही म्हणजे काही झालं नाही असं नसतं, बहुतेक वेळा शुद्ध जातच नाही. उलट्या थांबेनात, डोकेदुखी चढत चालली, गुंगी आली, बोलताना जीभ अडखळली, फिट आली, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं. एरवी पहिले एक-दोन दिवस आराम, मग चालणं, मग हलकं धावणं, मग बॉल. जिथं अंगावर माणसं येतात तो सराव अगदी शेवटी आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानंही आता यासाठी सोय केली आहे. आधी प्रयोग म्हणून आणि २०२४ पासून नियमावलीतच. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी जादा बदली खेळाडू उतरवता येतो, नेहमीच्या बदल्यांच्या संख्येत तो धरत नाहीत. फक्त स्पर्धा भरवणाऱ्यांनी ती सोय घ्यायला हवी. तुमच्याकडच्या स्पर्धेत घेतली आहे का, हे विचारायला हरकत काय?

आता बघा, तुमच्या मुलीच्या पत्रातली पहिली मागणी कुठली आहे? सामन्याला प्रथमोपचार जाणणारं माणूस. तिनं घरी आईशिवाय कुणाला सांगितलं नाही, मैदानावर कुणाला सांगितलं नाही, पण जे झालं त्यातून तिला जे कळलं ते तिनं कागदावर नीट लिहिलं. तुम्ही या पत्राकडे बंड म्हणून बघताय. मला तर तो पोरीनं उशिरा दिलेला अपघाताचा रिपोर्ट वाटतो.

बरं, आता मेरी अर्प्स.

‘एक नंबर होती म्हणून ऐकलं’ हे तुमचं म्हणणं मी तारखा लावून तपासलं. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडनं युरो स्पर्धा जिंकली, गोलमध्ये अर्प्स. फेब्रुवारी २०२३ मध्ये फिफानं तिला जगातली सर्वोत्तम महिला गोलकीपर ठरवलं. म्हणजे नाव झालं होतं. त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपसाठी जर्सी बनवणाऱ्या नायके कंपनीनं इंग्लंडच्या बाकी सगळ्या खेळाडूंच्या जर्सी दुकानात आणल्या, पण महिला गोलकीपरची आणलीच नाही. बापाला पोरीसाठी अर्प्सची जर्सी घ्यायची असेल तर ती मिळणारच नव्हती. तिनं आधी हे आतल्या आत मांडलं, फुटबॉल संघटनेशी बोलली, कंपनीशी बोलली. काही झालं नाही. मग जुलैमध्ये, स्पर्धेच्या तोंडावर, पत्रकारांसमोर बोलली. तरीही लगेच काही झालं नाही.

इथं दादा, तुमचं गणित अडतं. जगातलं एक नंबरचं नाव होतं, आणि ऐकलं गेलं नाही. मग कशानं ऐकलं? एका सोळा वर्षांच्या मुलीनं ऑनलाइन अर्ज सुरू केला, त्यावर दीड लाखाच्या वर सह्या झाल्या. २० ऑगस्टला सिडनीत फायनलमध्ये अर्प्सनं स्पेनच्या हेर्मोसोची पेनल्टी अडवली. इंग्लंड एका गोलनं हरलं, पण स्पर्धेतल्या सर्वोत्तम कीपरचा पुरस्कार तिलाच मिळाला आणि ओरड आणखी वाढली. त्यानंतर कंपनीनं मोजक्या जर्सी आणतो म्हटलं. ऑक्टोबरमध्ये त्या आल्या आणि बघता बघता संपल्या. नावामुळे माईक समोर आला हे खरं, पण जर्सी आली ती सह्यांमुळे. आणि त्या सह्या मागणारी मुलगी तुमच्या लेकीहून दोन वर्षांनी लहान होती, तिला तोवर कोण ओळखत होतं?

आणखी एक. भिंतीवरच्या फोटोत हातमोजे घातलेली, ओरडणारी अर्प्स असेल बहुतेक. त्याआधीची अर्प्स फोटोत दिसत नाही. ती २०२० च्या सुमारास इंग्लंडच्या संघातून बाहेर फेकली गेली होती, खेळ सोडायच्या विचारापर्यंत आली होती, हे तिनं स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या प्रशिक्षक सरीना वीगमन आल्या आणि त्यांनी तिला परत बोलावलं. म्हणजे तिला बाहेर बसवलं गेलं तेव्हा तिनं जर्सीबद्दल चकार शब्द काढलेला नव्हता. गप्प राहणाऱ्या कीपरलाही बाहेर बसवतात, दादा. ‘गप्प राहिली तर सिलेक्शन होईल’ असं सेक्रेटरी फोनवर म्हणाले का? तुमच्या पत्रात तरी तसं काही नाही. ‘सिलेक्शन आहे’ एवढंच ते म्हणाले, पुढचं वाक्य तुमच्या भीतीनं पूर्ण केलं.

पण ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गोलकीपरच्या बाबतीत तर नाहीच. फॉरवर्डला शेवटची दहा मिनिटं उतरवतात, हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या मुलीला, इकडची तिकडं करतात. कीपर एकच. दुसरी कीपर अख्खा सीझन हातमोजे घालून बाकावर बसते आणि मध्यंतरात पहिलीला सराव देते. कुणाला नको असलेली मुलगी बाजूला काढायला इतकी सोपी जागा दुसरी नाही, कारणही द्यावं लागत नाही. म्हणून बोलावं की नाही हा प्रश्न सोडून कसं बोलावं याकडे यावं लागतं. आणि त्यासाठी होप सोलोची गोष्ट सांगते, तिच्यात दोन्ही बाजू आहेत.

२००७ चा वर्ल्ड कप, चीनमध्ये. सोलो अमेरिकेची पहिली कीपर. सेमीफायनलला प्रशिक्षकानं तिला बसवलं आणि ब्राझीलविरुद्धचा अनुभव म्हणून स्करीला उभं केलं. हो, तीच स्करी. अमेरिका चार-शून्यनं हरली. सामना संपल्या संपल्या सोलो कॅमेऱ्यासमोर म्हणाली की निर्णय चुकला, आणि आपण असतो तर ते गोल अडवले असते. निर्णय चुकला होता असं आज पुष्कळ लोक म्हणतील. पण तिनं जे बोललं त्याचा घाव प्रशिक्षकापेक्षा स्करीवर बसला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यातून तिला वगळलं, संघातल्या मुलींनीच तिला वाळीत टाकलं. पुढच्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला तीच गोलमध्ये होती आणि अमेरिकेनं ब्राझीलला हरवून सुवर्ण जिंकलं, म्हणजे एक तोंड सुटलं म्हणून कायमचं काही संपत नाही, हेही आहेच.

नऊ वर्षांनी, मार्च २०१६ मध्ये, सोलो परत बोलली. यावेळी एकटी नव्हती. कार्ली लॉइड, अॅलेक्स मॉर्गन, मेगन रॅपिनो, बेकी सॉवरब्रन आणि ती अशा पाच जणींनी मिळून पुरुष संघापेक्षा आपल्याला कमी पैसे मिळतात, अशी लेखी तक्रार सरकारी आयोगाकडे केली. कुणा सहकाऱ्याबद्दल एक शब्द नाही. त्याच वर्षी ऑलिम्पिकमध्ये स्वीडनकडून हरल्यावर तिची जीभ पुन्हा घसरली, प्रतिस्पर्ध्यांना भेकड म्हणाली, सहा महिन्यांची बंदी आली, करार गेला. ती त्यानंतर देशाकडून खेळली नाही. पण ते पगाराचं प्रकरण थांबलं नाही. पुढं बाकीच्या मुलींनी ते कोर्टात नेलं आणि २०२२ मध्ये दोन कोटी चाळीस लाख डॉलरवर तडजोड झाली. सोलो मला माणूस म्हणून फार आवडते असं नाही. तिच्यासारखं वाग असं मी कुठल्याच मुलीला सांगणार नाही. पण २००७ चं तिचं बोलणं आणि २०१६ चं तिचं बोलणं समोरासमोर ठेवा आणि मग तुमच्या मुलीचं पत्र वाचा. तीन सह्या, चार मागण्या, क्लबच्या आतच दिलेलं, कुणाचं नाव न घेता. हे कुठल्यासारखं आहे?

तुम्ही म्हणाल, ताई, अमेरिका-इंग्लंडचं सांगू नका. ठीक आहे. अदिती चौहान. आपल्या देशाची कीपर, वाढली दिल्लीत, आधी कराटे आणि बास्केटबॉल खेळायची. इंग्लंडला लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात शिरली. तिथल्या स्पर्धात्मक फुटबॉलमध्ये उतरलेली पहिली भारतीय स्त्री. पहिला सामना कॉव्हेंट्रीशी, आणि पहिल्याच सामन्यात पाच गोल खाल्ले. पाच-शून्य. त्यानंतर ती तिथं खेळत राहिली, परत येऊन गोकुलम केरळकडून भारतीय महिला लीग जिंकली, आइसलँडच्या क्लबकडूनही खेळून आली. जानेवारी २०२२ ची महिला फुटबॉलची आशियाई कप स्पर्धा आपल्या महाराष्ट्रातच भरली होती, नवी मुंबईत, मुंबईत आणि पुण्यात. भारताचा इराणशी शून्य-शून्य सामना मी टीव्हीवर पाहिला. अदिती त्या संघात होती. दुसऱ्या सामन्याआधी संघात इतक्या जणींना कोरोना झाला की भारताला स्पर्धाच सोडावी लागली. जुलै २०२५ मध्ये ती निवृत्त झाली.

हे सगळं सांगण्याचं कारण वेगळं आहे. मुलींसाठी तिनं फुटबॉल अकादमी काढली ती २०१८ मध्ये, निवृत्तीच्या सात वर्षं आधी, स्वतः खेळत असताना. आपल्या वेळी जे नव्हतं ते पुढच्या मुलींना मिळावं म्हणून. आधी करिअर उरकू आणि मग समाजकार्य बघू, असा हिशोब तिनं केला नाही. आणि जाता जाता, अर्प्सनंही डिग्री लफबरोतूनच घेतली, २०१६ मध्ये, क्लबकडून खेळता खेळता. त्यामुळे कॉमर्सचं वर्ष वाया जाऊ देऊ नका, एवढं मात्र लेकीला माझ्या वतीनं दटावून सांगा.

आता करायचं काय.

सही मागे घ्यायला सांगू नका. पण पत्र आहे तसंच रेटायलाही सांगू नका. चारही मागण्या एका दमात मांडल्या की वाचणाऱ्याला फक्त ‘तक्रार’ दिसते. त्या सुट्या करा. आडोसा आणि प्रथमोपचार यांवर घासाघीस नाही. आडोशाला दोन बांबू आणि चादर लागते. प्रथमोपचाराला एक पेटी, बर्फ, जवळच्या हॉस्पिटलचा नंबर आणि शिकलेला एक माणूस. तुमच्या एसटीत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं कुणी असेल, विचारा. कदाचित तुम्हीच शिकून घ्याल. जर्सीसाठी शिंपी आहे, पुढच्या खरेदीला माप घेऊन ऑर्डर द्या इतकंच म्हणायचं. कीपरच्या सरावाला शहरातला एखादा जुना कीपर रविवारी सकाळी दोन तास यायला तयार होईल. जुन्या कीपरांना कुणी बोलावत नाही, बोलावलं की ते धावत येतात, हा माझा अनुभव आहे. अशी प्रत्येक मागणीपुढे एक वाट लिहिलेली असली की नाही म्हणणं जड जातं.

तीन सह्यांच्या तेरा करा. मुलांच्या संघाच्या कीपरलाही विचारा, डोकं त्यालाही आहे. दुसऱ्या कीपरची सही तर हवीच, ती नसेल तर उद्या कुणीतरी म्हणेल की ही जागेसाठी चाललेली भांडणं आहेत. सह्या झाल्या की पहिली कुणाची हे कुणी बघत नाही. हवं तर सह्या वर्तुळात करा.

सेक्रेटरींचा फोन तुम्हाला आला, तिला नाही. यावर थोडं थांबा. पत्र अठरा वर्षांच्या मुलीनं लिहिलं, उत्तर बापाला मिळालं. त्यांना फोन करून इतकंच सांगा: ‘साहेब, ती आणि तिची मैत्रीण तुम्हाला भेटायला येतील, मी सोबत असेन.’ सोबत जा, चहा घ्या आणि गप्प बसा. फारच अवघड असेल हे, मला माहीत आहे. सिलेक्शनचे निकष काय, कोण निवडणार, हे तिनं तिथंच नम्रपणे विचारावं आणि घरी येऊन दोन ओळींत लिहून त्यांना पाठवावं, ‘आज बोललो त्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून. भांडण नाही, नोंद. आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, इन्स्टावर आत्ता एक अक्षर टाकायचं नाही. ती पायरी फार पुढची आहे. अर्प्सनंही ती शेवटीच चढली.

एक अपवाद मात्र ठामपणे सांगते, आणि हा सगळ्याच पालकांसाठी. हे पायरी-पायरीनं जाणं सोयींच्या मागण्यांसाठी आहे. अंगचटीला येणं, घाणेरडं बोलणं, रात्री-अपरात्री मेसेज, असं काही असेल तर तिथं चहा नाही आणि नम्रपणा नाही. २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची ठिकाणंही कामाच्या जागेत धरतो, आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा आहे. तुमच्या पत्रात तसं काही नाही. तरी पोरीला एकदा एकटीला, तिच्या आईनं, विचारून घ्या. ‘आडोसा हवा’ या मागणीमागे कधी कधी नुसता आडोसा नसतो.

आणि समजा, सगळं नीट करूनही सिलेक्शनमध्ये तिला वगळलं? होऊ शकतं. तेव्हा काय, हे आजच तिघांनी बसून ठरवा. विद्यापीठाचा संघ आहे, दुसरा क्लब आहे. एक सीझन गेला तर कीपरचं फार बिघडत नाही, कीपर उशिरा पिकतात. स्करी २००४ चं सुवर्ण जिंकली तेव्हा तिला तेहतीस पूर्ण व्हायला आली होती, अर्प्स तिसाव्या वर्षी जगातली पहिली. तुमची लेक अठरा.

वहिनींना नमस्कार सांगा. त्या ‘खेळच बंद करा’ म्हणतात त्यावर तुम्ही चिडला असाल. पण त्या रात्री उलटीची बादली त्यांनी धरली होती आणि तोंड मिटून बसल्या होत्या. लेकीनं शपथ घातली असणार. त्यांना खेळ नको आहे असं मला वाटत नाही, त्यांना परत ती रात्र नको आहे. डॉक्टरांकडे तिघं जा.

मग एक करा. पुढच्या सरावाला स्टँडवर बसू नका, गोलच्या मागे जाळीपाशी उभे राहा. मागून बघाल तर दिसेल, अख्खं मैदान फक्त तिच्याच समोर असतं. बाकी दहा जणींची पाठ तिच्याकडे. ‘कीपर!’, ‘डावीकडे बघ!’, ‘बाहेर या, बाहेर या!’ नव्वद मिनिटं तिचं तोंड चालू असतं. आमचे सर मला गोल खाल्ल्यावर कधी ओरडले नाहीत. एकदाच ओरडले, मागून येणारी पोरगी मला दिसली होती आणि मी आमच्या हाफला हाक मारली नाही तेव्हा. तुमच्या लेकीला सात वर्षं हेच शिकवलंय, दिसलं की ओरडायचं. सेक्रेटरींना दिलेलं पत्र तिनं त्याच सवयीनं लिहिलं असेल, असं मला आपलं वाटतं. तिलाच विचारा.

पण तो सराव तिचा नको. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिलाही तुमच्या शेजारी, जाळीच्या मागेच उभी करा.